कंपमापक उतरवायला गेलो तेव्हा

आमच्या संस्थेचा दशकपूर्तीचा ग्रंथ गेल्या महिन्यात छापून आला. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, संचालकांची प्रस्तावना. लातूरच्या भूकंपानंतरच्या दहा वर्षांत संस्थेनं काय शोधलं, काय बनवलं, त्याची प्रकरणं मी लिहिली. मी शास्त्रज्ञ नव्हे. संस्थेच्या प्रकाशन विभागात असते. शास्त्रज्ञांचं लिखाण साध्या मराठीत आणणं हे माझं काम. ती प्रकरणं लिहिण्याआधी मी देशमाने सरांबरोबर लातूर आणि नांदेडला जाऊन आले. तिथं पाहिलेलं फारसं काही ग्रंथात बसलं नाही. ते इथं लिहिते.

देशमाने सरांनी या दहा वर्षांत संस्थेचं नाव केलं. परदेशी यंत्र परवडत नाही म्हणून त्यांनी इथल्याच सामानातून कंपमापक बनवला. जमीन केसाइतकी हलली तरी त्याची लेखणी फिरत्या कागदावर रेघ वाकडी करते. भूकंपात अंगावर कोसळू नये असं हलक्या पोकळ भिंतींचं घर त्यांचंच. शाळांसाठी छोटी यंत्रं बनवून मुलांच्या हाती देण्याची कल्पनाही त्यांचीच. यंदा ते निवृत्त होणार होते. जाण्यापूर्वी दोन कंपमापक काढून आणायचे, असा वरून हुकूम होता. एक लातूरचा, एक लोह्याजवळचा. लोह्याचा मात्र कदाचित वाचेल, असं सरांना वाटत होतं.

लातूर

बस सकाळी पोचली. हबीबभाई जीप घेऊन स्टँडवर उभे होते. त्यांचे वडील याच स्टँडबाहेर टांगा लावायचे. भूकंपानंतर संस्थेची माणसं प्रथम आली ती हबीबभाईंच्या जीपमधून, आणि अजूनही तीच जीप चालू आहे.

"लॉज बघू नका," ते म्हणाले. "अ‍ॅडमिशनचे दिवस हायत. सगळे मायबाप येऊन राहिले. खोली भेटणार न्हाई."

तरी आम्ही बघितलं. एका लॉजच्या जिन्यात एक कुटुंब पत्र्याच्या ट्रंकेवर बसलं होतं. आई, वडील आणि मधे दहावी झालेली मुलगी. लांबून आले होते, विदर्भाच्या पार टोकाहून. वडिलांनी मला विचारलं, "मॅडम, तुमचं कोण आहे इथं? कुठल्या क्लासला?" मी म्हटलं, कोणी नाही, आम्ही भूकंपाच्या कामाला आलोय. ते क्षणभर गोंधळले. लातूर आणि भूकंप यांचा संबंध त्यांना आठवावा लागला. मग म्हणाले, "हां, तो. पण आता इथला रिझल्ट फार चांगला आहे."

शेवटी संस्थेच्या केंद्रातच पथारी टाकायची ठरली. वाटेत गाडीवर सुशीला खाल्ली. भिजवलेले चुरमुरे, फोडणी, शेंगदाण्याचं कूट, वरून लिंबू. मी पुण्यातली, पोह्यांवर वाढलेली. पण ही जास्त आवडली. हिला सुशीला का म्हणतात, असं गाडीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "मग काय म्हणायचं?"

हे केंद्र म्हणजे एक खोली आणि तिच्या मधोमध खडकात रोवलेला चौथरा. खोलीच्या जमिनीचा चौथऱ्याला स्पर्श नाही, कोणी चाललं तर त्याचा धक्का यंत्राला लागू नये म्हणून. सरांनी ही जागा निवडली तेव्हा आजूबाजूला माळ होता. आता दोन्ही बाजूंना चारमजली वसतिगृहं उभी आहेत आणि आमच्या कुंपणाच्या भिंतीवर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो रंगवले आहेत. डॉक्टर होणाऱ्यांचे एका रांगेत, इंजिनिअर होणाऱ्यांचे खाली.

"आमच्या मोहल्ल्यात आता खोली भाड्यानं जात न्हाई," हबीबभाई म्हणाले. "खाट जाते. मी माझ्या बैठकीत चार टाकल्या. आम्ही गच्चीवर झोपून राहिलो."

सरांनी यंत्रावरचा कागद सोडवून खिडकीशी धरला. मी पूर्वी पुण्यात असे कागद पाहिले होते. त्यांच्यावर बारीक सरळ रेघा असतात आणि एखाद्याच ठिकाणी ती रेघ थरथरते. हा कागद काळा होता. रेघांना रेघा चिकटून पट्टा झाला होता.

"बिघडलंय का?" मी विचारलं.

"नाही. उत्तम चाललंय." त्यांनी बोट फिरवलं. "ही पहाट. पोरं उठली. हे पाण्याचे पंप. हे जिने. क्लास सुटला की इथं असा फुगवटा येतो बघा. मग दुसरी बॅच."

"यात खरा धक्का आला तर?"

"मोठा आला तर दिसेल. लहान येऊन गेले असतील, दिसणार नाहीत." त्यांनी कागदाची गुंडाळी केली. "ह्या यंत्राला कळत नाही कशाची नोंद ठेवायची ते. जे हलेल ते लिहितं."

त्यांनी यंत्राच्या आतला लोलक हलू नये म्हणून त्याला खिटी लावली आणि वीज बंद केली. दहा वर्षांचं यंत्र बंद होताना काहीतरी ऐकू येईल असं मला वाटलं होतं. बाहेर जनरेटर चालू होता, त्यामुळे काहीच कळलं नाही.

गाव

दुसऱ्या दिवशी भूकंपाच्या पट्ट्यातल्या एका नव्या वसाहतीत गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांकडे लोक पूर्वी खूप येऊन गेले आहेत. जुनं गाव नदीकडे होतं. आता तिथं बाभळी आहेत आणि घरांच्या चौथऱ्यांच्या खुणा.

सरांचं प्रायोगिक घर नागनाथअण्णांना मिळालं होतं. अण्णांची जमीन थोडी काळी, थोडी मुरमाड. त्यावर सोयाबीन आणि तूर. भूकंपात त्यांची म्हातारी आई गेली आणि दोन मुलगे गेले. मुलगी जयश्री वाचली. ढिगाऱ्यातून तिला काढलं तेव्हा ती सहावीत होती. पुढे याच गावच्या शाळेत सरांनी छोटं यंत्र बसवलं आणि त्यावरचा कागद रोज सकाळी बदलायचं काम जयश्रीनं स्वतःहून घेतलं. सर तिच्याबद्दल बसमध्येही बोलत होते. कागद कसा सरळ लावायची, प्रश्न कसे विचारायची.

आम्ही पोचलो तेव्हा प्रायोगिक घराच्या दारातून कडबा बाहेर आला होता. घर कुठंही तडकलं नव्हतं. त्याला लागूनच अण्णांनी दोन खोल्या काढल्या होत्या. जाड दगडी भिंती.

सरांनी भिंतीवर हात ठेवला. "हे दगड कुठले, अण्णा?"

"आपलेच हैत. जुन्या घराचे. ट्रॅक्टरनं आणले."

सरांनी दोन दगडांमधला सांधा बोटानं चाचपला. मग त्यांनी विचारलं, "मधे सिमेंटचा पट्टा घातला का? चारी बाजूंनी फिरवायचा म्हणून मी दाखवला होता."

"गवंडी म्हणला गरज न्हाई." अण्णांनी आम्हाला बाज टाकली. "सर, तुमचं घर चांगलं हाय. म्या नाव ठेवत न्हाई. पण उन्हाळ्यात लई तापतंय. खुंटी ठोकाय गेलं तर आरपार निघती. पावनं आलं तर भिंतीला पाठ लावून बसाया दचकतंय. घर म्हणल्यावर भिंत कशी पाहिजे?"

"ह्याच दगडांनी, अण्णा," सर म्हणाले आणि थांबले.

"ठाव हाय मला," अण्णा म्हणाले. "कोणता कुठं होता ते बी ठाव हाय."

अण्णांच्या पत्नी इंदूबाई भाकरी थापत होत्या. येसराची आमटी, ज्वारीची भाकरी आणि ठेचा असं जेवण झालं. आमच्याकडे गोडा मसाला लागतो तिथं यांच्याकडे येसर. भाजक्या डाळींचा वास आमटीला वेगळाच दाटपणा देतो. जेवताना मी इंदूबाईंना विचारलं, नव्या खोल्यांत गारवा असेल ना? त्या म्हणाल्या, "मला काय ठाव. मी अंगणात निजते." पावसात? "पावसात बी. वर प्लास्टिकचा कागद घेते."

निघताना त्यांनी सरांना विचारलं, "जयाला भेटणार का?" सर म्हणाले, तिच्यासाठीच नांदेडला चाललोय. लोह्याजवळच्या केंद्राला एखादा शिकलेला, तिथंच राहणारा माणूस मिळाला तर ते केंद्र चालू ठेवू, असं संचालकांनी कबूल केलं होतं. जयश्री बीएस्सी झाली होती. सरांनी तिच्यासाठी तात्पुरत्या निरीक्षकाची जागा मागून ठेवली होती.

इंदूबाई म्हणाल्या, "तिला विचारा. आमचं कोणाचं म्हणणं न्हाई." अण्णांनी मात्र नजर वर केली नाही.

लोहा

अहमदपूरच्या पुढे जीपचं टायर बसलं. हबीबभाईंनी चाक बदलेपर्यंत आम्ही एका शेताच्या बांधावर बसलो. सर उत्साहात होते. लोह्याची जागा किती शांत आहे, तिथून नांदेड, भोकर, थेट आंध्रच्या हद्दीपर्यंतचे लहान धक्के कसे पकडता येतात, हे ते मला समजावत राहिले. नांदेडकडे अधूनमधून जमिनीतून आवाज येतात. लोक घाबरतात, मग विसरतात. ते आवाज किती खोलातून येतात हे कळायचं तर जवळ यंत्र लागतं. लांबच्या यंत्रांना धक्का कळतो, त्याची खोली नीट कळत नाही.

केंद्र एका ओसाड पडलेल्या सरकारी बंगल्यामागे होतं. इथला कागद पाहून मलासुद्धा बरं वाटलं. स्वच्छ, बारीक रेघा. कागद बदलणारा माणूस निवृत्त झाल्यापासून कोणी रोज येत नव्हतं, म्हणून पुष्कळ दिवस कोरे गेले होते. यंत्र ठणठणीत होतं.

"एक माणूस," सर म्हणाले. "फक्त एक माणूस पाहिजे इथं."

त्या दिवशी यंत्राला हात न लावता आम्ही नांदेडला गेलो.

नांदेड

नांदेडला माझं येणं पहिलंच. गोदावरीवरून वारा येत होता, तरी शहर तापलं होतं. गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलो. शेजारी पंजाबातून आलेले यात्रेकरू आणि समोर क्लासची मुलं, पाठीवर दप्तरं, डाळ-रोटी भराभर संपवून उठणारी. त्यातल्या एकाला मी विचारलं, रोज येतोस का? तो म्हणाला, "मेसला सुट्टी असली की. इथं रांगेत वेळ जात नाही."

जयश्री मुलींच्या एका मोठ्या वसतिगृहात रेक्टर होती. तळमजल्यावर ऑफिस आणि स्वयंपाकघर, पहिल्या मजल्यावर परीक्षेचा हॉल, वर खोल्या. बारीक अंगाची, ओढणी घट्ट बांधलेली, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. सरांना पाहून तिनं वाकून नमस्कार केला आणि चहा मागवला. घरचं विचारलं. आईचं गुडघ्याचं दुखणं, अण्णांचं रक्तदाबाचं औषध.

सरांनी जागेबद्दल सांगितलं. बराच वेळ सांगत होते. काम काय, शिकवणार कोण, पुढे पुण्याला येऊन आणखी शिकता कसं येईल. तिनं मधे एकदाही अडवलं नाही.

"सर," ती शेवटी म्हणाली, "मी मेडिकलला दोनदा बसले. दोनदा राहिले. अण्णांनी क्लासच्या फीसाठी काय काय केलं ते मला माहीत आहे. आता इथं बरं चाललंय. मुली ऐकतात माझं."

"हे तुझं काम नाही, जया. तुला ते आवडायचं. रोज सकाळी तू शाळा उघडायच्या आधी यायचीस."

"येत होते." ती कपाकडे बघत होती. "का येत होते, सांगू? मला वाटायचं, एक दिवस कागदावर आधी दिसेल. धक्का यायच्या आधी. मग मी पळत जाऊन गावाला सांगेन. आईला घराबाहेर काढेन. दोन वर्षं मी तेच बघायला येत होते. नववीत कळलं की यंत्र फक्त होऊन गेलेलं लिहितं."

"आधी सांगणारं यंत्र जगात कोणाकडंच नाही."

"माहीत आहे, सर. आता माहीत आहे. तुम्ही तेव्हा सांगितलं नाही. मीच विचारलं नाही." तिच्या बोलण्यात राग नव्हता. "मला तो कागद परत बदलता यायचा नाही. दुसरं कोणी बघा."

दुसरं कोणी नव्हतं. आम्ही सगळेच ते जाणून होतो.

आम्ही उठलो तेव्हा ती म्हणाली, "उद्या जाताना इकडूनच जा. गाडीत खायला धपाटे देते."

पुन्हा लोहा, पुन्हा नांदेड

दुसऱ्या दिवशी सकाळी लोह्याचं यंत्र उतरवलं. खिटी लावली, तारा सोडवल्या, लेखणी कापसात गुंडाळली. हबीबभाईंनी घरची गादी आणली होती, तिच्यात यंत्र बांधून जीपमध्ये लातूरच्या यंत्राशेजारी ठेवलं. चौथरा मोकळा झाल्यावर सर त्याच्या कडेला टेकले. म्हणाले, "इतका चांगला खडक पुन्हा मिळायचा नाही." हबीबभाईंनी त्यांना पाणी दिलं. मग ते जीपच्या काचा पुसत बसले.

संध्याकाळच्या रेल्वेगाडीनं दोन्ही यंत्रं पुण्याला न्यायची होती. दुपारी वसतिगृहापाशी थांबलो. जीप दारात उभी होती. वरच्या हॉलमध्ये मुलींची चाचणी सुरू होती, म्हणून तळमजल्यावर सगळे हळू आवाजात बोलत होते. जयश्री डबा घेऊन बाहेर आली. बाजरीचे धपाटे, दह्याची वाटी, चटणीची पुडी. ती माझ्या हातात डबा देत होती, तेवढ्यात आवाज आला.

आधी मला वाटलं, मागच्या रस्त्यानं लांबून काहीतरी जड येतंय. पण तो आवाज कुठून येत नव्हता. तो पायाखाली होता. ऑफिसमधलं लोखंडी कपाट खडखडलं. छताला टांगलेली ट्यूब झुलू लागली.  एवढं होऊन सगळं थांबलं.

 डबा माझ्या हातात होता की खाली पडला, मला आठवत नाही. जयश्री जिन्याकडे धावली. सर तिच्या मागे, मी त्यांच्या मागे.

हॉल लांबलचक होता. मुली दाटीवाटीनं बसलेल्या, सगळ्यांचे चेहरे वर. समोरच्या दारात क्लासचे एक शिक्षक उभे होते आणि हातानं खाली बसा अशी खूण करत होते. "काही नाही. ट्रक गेला. लिहा." मागचं दार लोखंडी होतं आणि त्याला कुलूप होतं, मुली मधेच उठून जाऊ नयेत म्हणून ते नेहमी लावलेलं असे. जयश्री थेट त्या दाराशी गेली आणि जुडग्यात किल्ली शोधू लागली. दोनदा चुकीची किल्ली लागली. मग कुलूप निघालं आणि तिनं दोन्ही फळ्या भिंतीपर्यंत उघडल्या. बाहेर लोखंडी जिना आणि उन्हानं भरलेलं मोकळं आवार दिसलं.

"चला," ती म्हणाली. "पेन ठेवा. ओळीनं बाहेर."

कोणी उठलं नाही.

"भूकंप होता," सर म्हणाले. "लहान होता. पण मागून आणखी येऊ शकतो. थोडा वेळ बाहेर उभ्या राहा."

शिक्षक पुढे आले. "आपण कोण?"

सरांनी संस्थेचं नाव सांगितलं. शिक्षकांचा आवाज थोडा नरम झाला. "मग तुमच्या यंत्रावर आलं असेल ना. विचारून घ्या. खरंच असेल तर बाहेर काढतो. ही चाचणी बॅच ठरवायची आहे, सर. एकदा बाहेर गेल्या की पेपर रद्द."

सरांनी तोंड उघडलं. मग त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. जीप दारात उभी होती.

पहिल्या ओळीतली एक मुलगी अर्धवट उठली होती. ती जयश्रीकडे बघत होती, मग शिक्षकांकडे, मग शेजारणीच्या कागदाकडे. शेजारीण लिहीत होती. ती खाली बसली. "मॅडम," तिनं हळूच विचारलं, "हा वेळ वाढवून मिळेल का?"

 हॉलमध्ये पुन्हा पेनांचा आवाज सुरू झाला. शिक्षकांनी जयश्रीला दार लावायला सांगितलं. ती दाराच्या फळीला पाठ लावून उभी राहिली. त्यांनी परत सांगितलं, या वेळी तिच्या नोकरीचं नाव घेऊन. ती सरकली नाही.

सर तिच्याजवळ गेले.  ती म्हणाली, "तुमची गाडी चुकेल. तुम्ही निघा."

आम्ही त्या मागच्या जिन्यानंच खाली उतरलो. आवारात पोचून मी वर पाहिलं. दार सताड उघडं होतं, तिची पाठ फळीला टेकलेली होती आणि आमच्याखेरीज त्या दारातून कोणी बाहेर आलं नव्हतं.